रक्तातला प्लास्टिकचा कण: शोधतात कसा, ओळखतात कसा

प्लास्टिकच्या पिशवीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, हे भाजीबाजारात जाणाऱ्या प्रत्येकाला आता माहीत झाले आहे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, तर केंद्राच्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून कॅरीबॅगची जाडी किमान १२० मायक्रॉन असावी लागते. ही जाडी माणसाच्या केसापेक्षा थोडी जास्त भरते. त्याच २०२२ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी माणसाच्या रक्तात प्लास्टिक आढळल्याचे जाहीर केले. त्यांच्या गाळणीत अडकू शकणारा सर्वांत लहान कण होता ०.७ मायक्रॉनचा. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद असते. हा कण तिच्या दहाव्या हिश्श्याएवढा.

रक्तामांसात मिसळलेला, बहुधा रंगहीन आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारा असा कण सापडतो कसा? आणि सापडला, तर तो प्लास्टिकचाच आहे हे ठरते कसे? या शोधात तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. कण प्लास्टिकचाच आहे का? तो शरीरातूनच आला आहे का, की तपासणीच्या वाटेत नमुन्यात पडला? आणि एकूण प्लास्टिक किती आहे? तिन्ही उत्तरे पक्की झाली तरच आकड्याला अर्थ येतो.

मायक्रो आणि नॅनो

ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ सालच्या शोधनिबंधापासून ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रूढ झाला. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. एक मायक्रॉनपेक्षाही लहान असेल तर तो नॅनोप्लास्टिक. तांदळाच्या दाण्यापासून जिवाणूपर्यंतचे सगळे आकार या दोन नावांत सामावतात. त्यामुळे ‘इतके कण सापडले’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. कोणत्या आकाराचे, हे सोबत सांगावे लागते.

आकाराबरोबर वजनाचे गणितही फार झपाट्याने बदलते. शंभर मायक्रॉन व्यासाच्या एका गोल कणाचे वजन एक मायक्रॉन व्यासाच्या दहा लाख कणांएवढे असते. एखाद्या नमुन्यात कण मोजके पण वजन जास्त, तर दुसऱ्यात कण लाखो आणि वजन नगण्य, असे सहज घडते.

रस्त्यापासून फुप्फुसापर्यंत

मोठे प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते, घासले जाते आणि झिजत झिजत कणांत मोडते. ठाण्यात खोपटला एसटीचे आगार आहे. अशा जागी हे सगळे स्रोत एकत्र दिसतात. ब्रेक लागला की टायर रस्त्यावर घासतात आणि रबराचा काळा भुगा सुटतो. टायरमध्ये नैसर्गिक रबराबरोबर कृत्रिम रबरही असते, म्हणून हा भुगाही मायक्रोप्लास्टिकमध्ये धरतात. प्रवाशांच्या पॉलिएस्टरच्या कपड्यांतून आणि बॅगांतून तंतू झडतात. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, पार्सलच्या पिशव्या उन्हात पडून विरतात. यातले हलके कण हवेत तरंगतात. जड कण पहिल्या पावसात गटारातून नाल्यात आणि पुढे खाडीकडे जातात. ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, स्थान मिळाले. शहराची धूळ वाहून जाते ती अशा जिवंत जागेत.

शरीरात शिरण्याच्या मुख्य वाटा दोन: श्वास आणि अन्नपाणी. हवेतले मोठे तंतू नाकाघशातच अडतात. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसात खोलवर जाऊ शकतात. अन्नातून गेलेले बहुतेक प्लास्टिक शौचावाटे बाहेर पडते. दीडशे मायक्रॉनपेक्षा मोठे कण आतड्याची भिंत ओलांडण्याची शक्यता फारच कमी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात म्हटले आहे. कण जितका लहान, तितका तो रक्तात पोचण्याचा संभव अधिक. नेमके तेच कण पकडायला सर्वांत कठीण असतात, आणि या क्षेत्रातले निम्मे वाद त्यातून उद्भवतात.

मिठात सोपे, रक्तात अवघड

रक्तातला शोध अवघड का, हे मिठाशी तुलना केली की कळते. मुंबईच्या आयआयटीतील अमृतांशू श्रीवास्तव आणि चंदन कृष्ण सेठ यांनी भारतीय समुद्री मिठाचे नमुने तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मीठ पाण्यात विरघळते, प्लास्टिक विरघळत नाही. द्रावण बारीक गाळणीतून ओतले की प्लास्टिक गाळणीवर उरते. त्यांना एकूण ६२६ कण मिळाले. त्यांतले ६३ टक्के तुकडे होते आणि ३७ टक्के तंतू. वजनाने हे प्रमाण किलोमागे सुमारे ६४ मायक्रोग्रॅम भरले. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. रोज पाच ग्रॅम मीठ खाणाऱ्याच्या पोटात या वाटेने वर्षाला सुमारे ११७ मायक्रोग्रॅम प्लास्टिक जाते, असा त्यांचा हिशेब होता. मीठ तयार करण्याआधी समुद्राचे पाणी वाळूच्या थरातून गाळले तर वजनाने ८५ टक्क्यांहून अधिक प्लास्टिक दूर होते, हेही त्यांनी दाखवले.

रक्त पाण्यात असे विरघळून निघून जात नाही. त्यात पेशी, प्रथिने, चरबी आणि क्षार असतात. फुप्फुस, वार किंवा मेंदूचा तुकडा तर घट्ट ऊतीचा, म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या पेशींचा असतो. त्यातून कण वेगळा काढण्याआधी ती ऊतीच नाहीशी करावी लागते.

पहिली पायरी: नमुना निर्मळ ठेवणे

प्लास्टिक शोधणाऱ्या प्रयोगशाळेतही प्लास्टिक असतेच. सिरिंज, सलाइनची पिशवी, नळ्या, हातमोजे, बाटल्यांची झाकणे आणि कर्मचाऱ्यांचे कपडे, सगळे त्याच पदार्थाचे. हवेतून एक तंतू नमुन्यात पडला तरी ‘रुग्णाच्या शरीरात पॉलिएस्टर’ अशी चुकीची नोंद होऊ शकते. म्हणून संशोधक सुती कोट घालतात, काच आणि स्टीलची भांडी वापरतात, द्रावणे आधी गाळून घेतात आणि काम हवा गाळणाऱ्या बंद कपाटात करतात.

इटलीत आंतोनियो रागुसा आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतरची वार तपासली, तेव्हा प्रसूतिगृहातच ही काळजी घेतली गेली. डॉक्टर आणि सुइणींनी सुती हातमोजे घातले, खाटेवर सुती कापड अंथरले आणि नाळेला धातूचे चिमटे लावले. सुती हातमोज्यांचा आग्रह धरण्यास एक ठोस कारण आहे. वापरून फेकायच्या काही हातमोज्यांवर साबणासारख्या स्टिअरेट क्षारांचा लेप असतो. तपासणीच्या यंत्रात त्याची खूण पॉलिथिनच्या खुणेशी जुळते. म्हणजे स्वच्छतेसाठी घातलेला हातमोजाच नसलेले प्लास्टिक ‘दाखवू’ शकतो.

एवढे करूनही थोडे बाहेरचे प्लास्टिक शिरतेच. ते किती, हे कळण्यासाठी प्रत्येक तुकडीबरोबर एक ‘कोरा नमुना’ चालवतात. त्यात रक्त किंवा ऊती नसते. पण तीच भांडी, तीच रसायने आणि तेच हात वापरून तेच सर्व सोपस्कार केले जातात. खऱ्या नमुन्यात पाच कण मिळाले आणि कोऱ्यातही चार मिळाले, तर त्या पाचांवर विसंबता येत नाही. चाळीस मिळाले आणि कोऱ्यात चारच, तर शोधाला वजन येते.

दुसरी पायरी: ऊती विरघळवणे, प्लास्टिक राखणे

ऊती नाहीशी करण्याला पाचन म्हणतात. त्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दहा टक्क्यांचे द्रावण, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा प्रथिने तोडणारी विकरे वापरतात. नमुना कोमट तापमानाला काही तासांपासून काही दिवसांपर्यंत ठेवला की प्रथिने आणि चरबी तुटत जातात.

येथे तारतम्य लागते. रसायन सौम्य असेल तर चरबी आणि पेशींचे अवशेष उरतात आणि पुढची ओळख बिघडवतात. ते तीव्र असेल तर प्लास्टिकच खाते. तीव्र नायट्रिक आम्लात नायलॉन टिकत नाही, आणि गरम, तीव्र अल्कलीने पाण्याच्या बाटलीचे पीईटी झिजते. म्हणून पद्धत वापरण्याआधी तिची परीक्षा घेतात: नमुन्यात मोजून शंभर कण मुद्दाम टाकायचे आणि सर्व प्रक्रियेनंतर किती परत मिळतात ते पाहायचे. ऐंशी मिळाले तर वीस कण हरवणारी ही पद्धत आहे, हे आधीच कळते.

पाचनानंतरचे द्रावण बारीक गाळणीतून जाते. गाळणीच्या छिद्रांहून लहान ते सगळे वाहून जाते, म्हणून गाळणी निवडतानाच शोधाची खालची मर्यादा ठरून जाते.

तिसरी पायरी: प्रकाशाने ओळखणे

गाळणीवरची वर्तुळाकार चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की निळा तुकडा, पारदर्शक पापुद्रा, वळलेला तंतू असे काही ना काही दिसते. नुसत्या रूपावरून मात्र प्लास्टिक ठरवता येत नाही. सुती धागा, त्वचेचा पापुद्रा, मिठाचा स्फटिक आणि प्लास्टिक या आकाराला सारखेच भासतात.

ओळख पटते ती रासायनिक बंधांवरून. प्लास्टिकच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन यांचे अणू बंधांनी जोडलेले असतात आणि हे बंध सतत कंप पावत असतात. प्रत्येक प्रकारच्या बंधाची कंपनसंख्या ठरलेली असते. कणावर अवरक्त किरण टाकले की ज्या कंपनसंख्या जुळतात तेवढेच किरण शोषले जातात. शोषणाचा आलेख म्हणजे त्या पदार्थाचा वर्णपट. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, पीईटी, नायलॉन यांचे वर्णपट वेगवेगळे असतात. संगणकातील संग्रहाशी ते ताडून पाहतात आणि साधारण ७० टक्क्यांहून अधिक जुळले तर ओळख मान्य करतात. ही अवरक्त पद्धत दहा-वीस मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी चांगली चालते. त्याखाली कण किरणांच्या तरंगलांबीच्या जवळपास येतो आणि खूण पुसट होते.

त्याहून लहान कणांसाठी उपयोगी पडते ती भारतात लागलेल्या शोधावर उभी असलेली पद्धत. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांना विखुरलेल्या प्रकाशातील नवा परिणाम स्पष्ट झाला, आणि १९३० मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले. पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला तर विखुरताना त्यातल्या अगदी थोड्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, आणि हा बदल त्या पदार्थाच्या बंधांवर अवलंबून असतो. आज प्रकाश लेसरचा असतो. लेसरचा झोत एका मायक्रॉनएवढ्या बिंदूवर एकवटता येतो, म्हणून रामन सूक्ष्मदर्शकाने तेवढे लहान कण ओळखता येतात. रागुसा यांच्या पथकाने हीच पद्धत वापरली.

दोन्ही पद्धतींच्या अडचणीही आहेत. प्रथिने आणि नायलॉन या दोहोंत अमाइड नावाचा बंध असतो, त्यामुळे न पचलेल्या ऊतीचा तुकडा नायलॉन म्हणून नोंदला जाऊ शकतो. शरीरातील रंगद्रव्ये लेसरखाली स्वतःच चमकू लागतात आणि रामनची क्षीण खूण त्या चमकेत बुडते. टायरच्या भुग्यात काजळी असते. ती प्रकाश गिळून टाकते. रस्त्याकडेला सर्वाधिक मिळणारा हा कणच प्रकाशाच्या पद्धतींना नीट सापडत नाही.

चौथी पायरी: तापवून ओळखणे

ओळखण्याच्या तिसऱ्या पद्धतीत कण पाहतच नाहीत. नमुना ऑक्सिजनशिवाय सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. प्लास्टिकचे लांब रेणू तुटून लहान रेणूंचा वायू होतो. तो एका लांब, बारीक नळीतून जाताना घटक वेगळे होतात आणि शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र प्रत्येक तुकड्याच्या वजनावरून त्याची ओळख पटवते. याला उष्माविघटन पद्धत म्हणतात. पॉलिस्टायरिनमधून स्टायरिन निघते, अ‍ॅक्रिलिकमधून मिथाइल मेथॅक्रिलेट. टायरच्या कृत्रिम रबराचे तुकडेही या पद्धतीत ओळखू येतात, कारण येथे काजळी आड येत नाही.

शेजारच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास आला की मोहरी, हिंग, लसूण पडली हे न पाहता कळते. वास उग्र असेल तर लसूण बरीच असावी हेही कळते. पण पाकळ्या किती होत्या, अख्ख्या होत्या की ठेचलेल्या, हे वासावरून सांगता येत नाही. उष्माविघटनाचेही तसेच आहे. कोणते प्लास्टिक आणि एकूण किती वजनाचे, हे कळते. कणांची संख्या, आकार आणि रूप कळत नाही. नमुना तर संपलेला असतो. शिवाय दोन पदार्थांचा वास सारखा असला तर नाकाची फसगत होते. चरबी तापवली की तिच्यातूनही कार्बनच्या लांब साखळ्यांचे असे तुकडे निघतात, जे पॉलिथिनमधून निघणाऱ्या तुकड्यांशी जुळतात. पीव्हीसीची खूण म्हणून जे बेंझिन धरतात, तेही इतर जैविक पदार्थांतून निघू शकते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवले की रक्तातील पॉलिथिन आणि पीव्हीसी मोजण्यास ही पद्धत आजच्या रूपात भरवशाची नाही.

आतापर्यंत काय सापडले

व्हिएन्ना वैद्यकीय विद्यापीठाचे फिलिप श्वाबल यांनी आठ देशांतील आठ व्यक्तींच्या शौचाचे नमुने तपासले. आठही नमुन्यांत प्लास्टिक होते. दहा ग्रॅममागे मध्यक २० कण, म्हणजे नमुने चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा २०. कणांचा आकार ५० ते ५०० मायक्रॉन होता. हे काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

रागुसा यांच्या अभ्यासात सहांपैकी चार वारांत मिळून १२ कण सापडले. बहुतेक पाच ते दहा मायक्रॉनचे. त्यांतील तीन पॉलिप्रॉपिलिनचे असल्याचे ठरले. उरलेल्या नऊ कणांच्या बाबतीत फक्त रंगद्रव्य ओळखता आले. प्रत्येक वारेचा थोडासाच भाग तपासला होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सुरुवातीला उल्लेख आलेल्या २०२२ च्या अभ्यासात अ‍ॅम्स्टरडॅममधील हेदर लेस्ली यांच्या पथकाने २२ रक्तदात्यांचे रक्त उष्माविघटनाने तपासले. १७ जणांत प्लास्टिक आढळले. सरासरी मिलिलिटरमागे १.६ मायक्रोग्रॅम होती. ब्रिटनमध्ये २०२२ मध्येच जिवंत रुग्णांच्या फुप्फुसाचे १३ नमुने अवरक्त पद्धतीने तपासले गेले. ११ नमुन्यांत मिळून ३९ कण मिळाले.

सर्वाधिक चर्चा झाली ती इटलीतील राफाएले मारफेला यांच्या २०२४ च्या अभ्यासाची. मानेच्या धमनीत साचलेला चरबीचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांचा पुढे मागोवा घेतला गेला. त्यांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिन आढळले. प्लास्टिक आढळलेल्या रुग्णांत पुढे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका इतरांच्या सुमारे साडेचार पट दिसला. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एवढेच यातून सिद्ध होते. प्लास्टिकमुळेच झटका आला असा दावा खुद्द संशोधकांनीही केलेला नाही.

२०२५ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या पथकाने मृत व्यक्तींच्या मेंदूत यकृत-मूत्रपिंडापेक्षा जास्त प्लास्टिक असल्याचे आणि २०१६ पेक्षा २०२४ च्या नमुन्यांत ते वाढल्याचे सांगितले. त्यात मुख्य वाटा पॉलिथिनचा होता. मेंदूच्या कोरड्या वजनाचा मोठा भाग चरबीचा असतो. म्हणून मोजलेल्या पॉलिथिनपैकी काही प्रत्यक्षात चरबी तर नसेल, असा आक्षेप इतर तज्ज्ञांनी घेतला.

आकडे जुळत का नाहीत

बाटलीबंद पाण्याच्या तपासण्यांवरून हे नीट समजते. भारतासह नऊ देशांतील बाटल्यांच्या २०१८ मधील तपासणीत १०० मायक्रॉनपेक्षा मोठे कण लिटरमागे सरासरी दहाच्या आसपास निघाले. त्याच अभ्यासात ६.५ मायक्रॉनपर्यंतचे कण धरले तर सरासरी ३२५ झाली. २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने रामन परिणामाचेच प्रगत रूप वापरून अमेरिकेतील तीन ब्रँडचे पाणी तपासले, तेव्हा आकडा लिटरमागे सुमारे दोन लाख चाळीस हजारांवर गेला. त्यांतले ९० टक्के नॅनोकण होते. बाटल्या वेगळ्या होत्या हे खरे. पण आकडा फुगला तो मुख्यतः अधिक बारीक पाहता आल्याने.

रक्त आणि ऊतींच्या अभ्यासांतही हाच फरक आहे. कोणी कण मोजतो, कोणी वजन. कोणाची गाळणी ०.७ मायक्रॉनची, कोणाची नजर वीस मायक्रॉनवर थांबते. दोन प्रयोगशाळांचे निकाल ताडून पाहायचे तर प्रमाणित नमुने लागतात: ज्यात किती प्लास्टिक आहे हे आधीच पक्के ठाऊक आहे, असा नमुना सर्वांनी तपासायचा आणि उत्तरे जुळतात का पाहायचे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने मार्च २०२४ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाचा रोख याच दिशेने आहे. लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था, कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था आणि पिलानीची बिट्स यांच्या साह्याने अन्नातील सूक्ष्म प्लास्टिक मोजण्याच्या खात्रीशीर पद्धती ठरवणे, हा त्याचा उद्देश आहे. अन्नाचे मोजमाप पक्के झाले की शरीरात किती जाते याचा अंदाजही पक्का होईल.

रुग्णासाठी याचा अर्थ

रक्तातील साखरेसारखी प्लास्टिकची सर्वमान्य तपासणी आज वैद्यकात नाही. किती प्रमाण सामान्य आणि किती धोक्याचे, याची सीमा ठरलेली नाही. त्यामुळे अशा तपासणीचा आकडा हाती आला तरी त्यावरून डॉक्टर उपचार ठरवू शकत नाहीत. मात्र प्लास्टिकचा संपर्क कमी करायला तपासणीची वाट पाहावी लागत नाही. गरम आमटी, चहा प्लास्टिकच्या पिशवीत न घेणे, प्लास्टिकच्या डब्यात अन्न गरम न करणे, घर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे आणि स्टील, काच, मातीची भांडी वापरणे, हे सर्वांना जमणारे उपाय आहेत. रस्त्यावरची धूळ कमी करणे आणि कचरा नाल्यात जाऊ न देणे ही पालिकांची जबाबदारी आहे. एकट्या घराने ती पेलत नाही.

‘शरीरात प्लास्टिक सापडले’ अशी बातमी वाचताना चार गोष्टी पाहाव्यात. कोणत्या पद्धतीने मोजले? किती मायक्रॉनपर्यंत? कोऱ्या नमुन्यात किती मिळाले? आणि दिलेला आकडा कणांचा आहे की वजनाचा? ही चार उत्तरे देणारा अभ्यास छोटा असला तरी विश्वासाचा असतो. ती न देणारा अभ्यास मोठ्या आकड्याने विश्वासार्ह होत नाही.

चौकट: थोडक्यात

- मायक्रोप्लास्टिक: ५ मिलिमीटरपेक्षा लहान. नॅनोप्लास्टिक: १ मायक्रॉनपेक्षा लहान.
- क्रम: निर्मळ नमुना, पाचन, गाळणे, ओळख, कोऱ्या नमुन्याशी तुलना.
- अवरक्त पद्धत: सुमारे १०–२० मायक्रॉनपर्यंत. कणांची संख्या आणि प्रकार कळतो.
- रामन पद्धत: सुमारे १ मायक्रॉनपर्यंत. शरीरातील रंगद्रव्यांच्या चमकेचा अडथळा.
- उष्माविघटन: वजन आणि प्रकार कळतो, संख्या कळत नाही. चरबीमुळे पॉलिथिनचा आकडा फुगू शकतो.
- शौच, वार, रक्त, फुप्फुस, धमनीतील थर आणि मेंदू यांत प्लास्टिक आढळल्याच्या नोंदी आहेत. नेमके प्रमाण आणि आरोग्यावरील परिणाम यांवर संशोधन चालू आहे.